विहिरीत पाणी असेल तरच सोलर जुळतं: घनसावंगी पट्ट्यातल्या एका सबस्टेशनचं प्रकरण

जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगीच्या मधल्या पट्ट्यात ३३/११ केव्हीचं, म्हणजे ३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर उतरवणारं, एक सबस्टेशन आहे. गावाचं नाव देत नाही, कारण तिथल्या ऑपरेटर-लाईनमन लोकांनी सगळं मोकळेपणानं सांगितलंय आणि त्यांना उगाच त्रास नको. पाच-पाच एमव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर, त्यातून निघणारे दोन शेतीचे फीडर (वीज वाटणाऱ्या लाईनी), एक गावठाणाचा आणि एक छोटा पाणीपुरवठ्याचा. वरून येणारी ३३ केव्हीची लाईन लांबची, पंचवीस-तीस किलोमीटर, आणि हे सबस्टेशन तिच्या अगदी टोकाला. शिवारात कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा आणि बऱ्यापैकी मोसंबी. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी काही गावांना मिळतं, बाकीच्यांची भिस्त विहीर आणि बोअरवर.

या सबस्टेशनला जवळच्याच माळरानावरचा ५ मेगावॅटचा सोलर प्लँट जोडला गेला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधला. योजना २०२३ ची, कल्पना अशी की सबस्टेशनपासून पाच-दहा किलोमीटरच्या आत जमीन घ्यायची, भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरवर्षी ३ टक्के वाढ, प्लँट खाजगी कंपनीनं उभारायचा आणि वीज तिथल्या तिथं शेतीच्या फीडरला द्यायची. मराठवाड्यातला याचा पहिला नमुना म्हणजे वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा ३ मेगावॅटचा प्लँट, ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते ज्या पाच प्लँटचं लोकार्पण झालं त्यातला एक. राज्यभर २०२४ च्या मार्चमध्ये जवळपास ९ हजार मेगावॅटची कामं युनिटला २ रुपये ८२ पैसे ते ३ रुपये १० पैसे या दरानं दिली गेली, २५ वर्षांच्या करारावर. हा दर पुढं कामाला येणार आहे म्हणून इथंच सांगून ठेवतो.

माझं म्हणणं एवढंच की मराठवाड्यात सोलर जुळवायचा, म्हणजे ऊन असतानाच वीज वापरली जाईल असं बघायचा, प्रश्न आधी पाण्याचा आहे आणि मग विजेचा. हे सबस्टेशन वर्षभर बघितलं की ते लख्ख दिसतं.

आधी काय होतं ते बघू. शेतीला आठवड्याची पाळी. एक आठवडा दिवसा आठ तास, दुसरा आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात माणूस बॅटरी घेऊन दीड-दोन वाजता बांधावर, साप-विंचू, काही भागात बिबट्याची भीती, आणि थंडीत हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणजे पाय गारठून दगड होतात. यामुळं प्रत्येक मोटारीला ऑटो स्विच बसला, लाईट आली की मोटार आपोआप चालू. एकट्या शेतकऱ्याची सोय झाली, पण फीडर चालू करताच शेकडो मोटारी एकाच सेकंदाला करंट ओढतात, व्होल्टेज धाडकन पडतं, फीडर ट्रिप होतो, नाहीतर डीपी (शिवारातला छोटा ट्रान्सफॉर्मर) जळते. डीपी जळाली की वर्गणी, ट्रॅक्टर, चकरा. हे सगळं इथल्या माणसाला वेगळं सांगायची गरज नाही.

आता हिशोब. ५ मेगावॅटचा प्लँट चांगल्या उन्हाच्या दिवशी वीस-पंचवीस हजार युनिट देतो. ५ एचपीची मोटार म्हणजे शाफ्टवर पावणेचार किलोवॅट, आपल्याकडच्या रिवाइंड केलेल्या मोटारी धरल्या तर ग्रीडमधून साडेचारच्या आसपास ओढतात. म्हणजे भर दुपारी हा प्लँट हजार-अकराशे मोटारी चालवू शकतो. दोन्ही शेतीच्या फीडरवर मिळून मोटारी साधारण तेवढ्याच. कागदावर असं जुळलं की बघणारा खूश.

आणि पहिला रब्बी हंगाम खरंच तसा गेला. दिवसा आठ तास, रोज, पाळी बंद. गव्हाला, हरभऱ्याला, टोमॅटोला दिवसा पाणी. एक आजोबा म्हणाले, "आता रातीचं शेतात जायचं कामच ऱ्हायलं नाही, पोराला झोप तरी लागती." मला या योजनेतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, मेगावॅटचा हिशोब त्यानंतर. तांत्रिक फायदाही झाला. पूर्वी सगळी वीज तीस किलोमीटर लांबून यायची, वाटेत लॉस आणि टोकाला व्होल्टेज मेलेलं. आता वीज दारातच तयार होते, ३३ केव्ही लाईनवरचा करंट दुपारी एकदम कमी, टोकाच्या मोटारी पूर्ण फेऱ्यानं फिरायला लागल्या आणि जळायचं प्रमाण घटलं.

एक अडचण मात्र पहिल्याच डिसेंबरमध्ये आली. शेतीचे दोन्ही फीडर सकाळी साडेआठला एकदम चालू व्हायचे. डिसेंबरात त्या वेळी ऊन तिरपं असतं, प्लँट क्षमतेच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास देत असतो, आणि इकडं सगळे ऑटो स्विच एका दमात खाली. मग उरलेला सगळा भार लांबच्या लाईनवर, आणि नेमकी तीच वेळ राज्यभर गिझर, शाळा, कारखाने चालू व्हायची. इथल्या ऑपरेटरनं सुचवलं ते साधं होतं, एक फीडर साडेआठला आणि दुसरा दहाला चालू करा, महिन्याला अदलाबदल करा. वरून परवानगी यायला वेळ गेला पण झालं, आणि सकाळचं ट्रिपिंग बरंच थांबलं. मोठमोठ्या रिपोर्टमध्ये ज्याला लोड शिफ्टिंग म्हणतात ते हेच, आणि ते एका रजिस्टरवर आणि एका माणसाच्या समजुतीवर झालं.

इथं अजून एक गोष्ट लक्षात घ्या. शहरात ग्राहकाला दिवसा वीज वापरायला लावायचं तर दर कमी करता येतो, स्मार्ट मीटरवाल्या घरांना ९ ते ५ मध्ये सवलत आहेच. शेतकऱ्याला तो इशारा चालत नाही. बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंत बिल शून्य, २०२४ पासून २०२९ पर्यंत. बिलच नाही तर दराचा काय फरक पडणार? त्यामुळं शेतीचा भार उन्हाच्या वेळेला आणायचं एकच साधन हातात राहतं, फीडर किती वाजता चालू-बंद करायचा ते. म्हणूनच शेतीचा आणि गावठाणाचा फीडर वेगळा असणं एवढं महत्त्वाचं. जिथं ते काम अर्धवट आहे तिथं सोलर प्लँट लावून फारसं हाती लागत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

मग पावसाळा आला. जूनमध्ये मृगाचा पाऊस झाला, पेरण्या झाल्या आणि मोटारी बंद पडल्या, कारण पाणी द्यायची गरजच नाही. पण प्लँट चालूच! ढगाळ असलं तरी अधूनमधून ऊन पडतंच, आणि दोन पावसांच्या मधल्या स्वच्छ दुपारी तर पॅनल धुतलेलं असतं, हवा थंड, त्यामुळं उत्पादन जोरात. गावठाणाचा भार दुपारी अर्धा मेगावॅट पण नाही. उरलेली चार मेगावॅट वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून ३३ केव्हीवर, तिथून १३२ केव्हीच्या मोठ्या स्टेशनकडं. ज्या सबस्टेशनमध्ये वीज आजवर फक्त खाली उतरली तिथं ती वर चढायला लागली.

याचा त्रास गावाला लगेच जाणवला. पूर्वी टोकाला व्होल्टेज पोचावं म्हणून ट्रान्सफॉर्मरचा टॅप (बाहेर किती व्होल्टेज द्यायचं ते ठरवणारी पायरी) मुद्दाम वर ठेवलेला. आता त्याच टॅपवर सोलरची वीज वर चढते तेव्हा व्होल्टेज आणखी वाढतं. घरात २४० व्होल्टला ६ टक्के सोडले तरी २५४ ही हद्द, इथं दुपारी त्याच्या वर जायला लागलं. काही घरांत एलईडी बल्ब गेले, एका पिठाच्या गिरणीवाल्याचा स्टार्टर गेला, आणि गावात बोललं जायला लागलं की सोलरची लाईट "कडक" असते. लाईट कडक-मऊ नसते हे समजावत बसण्यापेक्षा टॅप खाली घेणं बरं, पण रात्री प्लँट बंद झाल्यावर तोच टॅप कमी पडतो. म्हणजे दिवसाला एक आणि रात्रीला एक सेटिंग पाहिजे, आणि ते हातानं बदलायला सबस्टेशनमध्ये एका वेळी एकच माणूस. शेवटी तोडगा इन्व्हर्टरमधून, म्हणजे पॅनलच्या डीसी विजेची ग्रीडला चालणारी एसी वीज करणाऱ्या यंत्रातून, निघाला. आताचे मोठे इन्व्हर्टर रिअॅक्टिव्ह पॉवर (जी मोटार फिरवत नाही पण व्होल्टेज वर-खाली करते ती वीज) ओढून व्होल्टेज दाबू शकतात, फक्त ते सेटिंग चालू करावं लागतं. प्लँटवाल्यांना आधी ते नको होतं, युनिट थोडे कमी होतील या भीतीनं. पण व्होल्टेज फार वाढलं की इन्व्हर्टर स्वतःच बंद पडतो आणि मग सगळेच युनिट जातात, हे एका आठवड्याच्या नोंदीवरून त्यांनाच दिसलं. सेटिंग बदललं.

आता त्या प्रश्नाकडं येतो जो गावोगाव विचारला जातो आणि ज्याचं उत्तर कुणी धड देत नाही. वादळात वरची ३३ केव्ही लाईन पडली. पाऊस ओसरला, दुपारी दोनला कडक ऊन, समोर ५ मेगावॅटचा प्लँट, आणि गावात लाईट नाही. एक बाई सबस्टेशनच्या गेटवर येऊन विचारत होत्या, "ऊन पडलंय, प्लेटा हायेत, मग लाईट कामून नाही?" प्रश्न शंभर टक्के रास्त आहे.

उत्तर दोन भागात आहे. पहिला भाग सुरक्षेचा. लाईन पडली म्हणून लाईनमन खांबावर चढतो, त्याला वाटतं लाईन मेलेली आहे. प्लँट चालू राहिला तर खालून वीज येऊन माणूस जागेवर जाईल. म्हणून नियमच आहे की ग्रीड गेलं की असा प्लँट २ सेकंदांच्या आत सुटलाच पाहिजे. आपल्या भागात लाईनमन कसे जातात हे प्रत्येक तालुक्यानं बघितलंय, त्यामुळं या नियमाला फाटा द्या असं कुणी म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूनं नाही. दुसरा भाग तांत्रिक. हे इन्व्हर्टर स्वतः ठेका धरत नाहीत, ग्रीडचा ठेका ऐकून त्यावर चालतात. दिंडीत वारकरी टाळाच्या ठेक्यावर पाऊल टाकतो तसं, टाळ थांबला की पाऊल थांबलं. तो ठेका म्हणजे ५० हर्ट्झ, आणि तो धरून ठेवतात परळी, चंद्रपूर, कोयनेची फिरणारी अवजड चाकं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाईन चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रीड बाकी देशाला जोडलं गेलं, तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच ठेका. घनसावंगीतला इन्व्हर्टर त्यावरच पाऊल टाकतो. स्वतः ठेका धरणारे इन्व्हर्टर असतात, पण त्यांच्यामागं बॅटरी लागते आणि तेवढा भाग बाकी ग्रीडपासून सुरक्षितपणे तोडून चालवायची वेगळी व्यवस्था लागते. ती इथं नाही.

ढगांचं म्हणाल तर एका प्लँटवरून ढग गेला की मिनिटभरात उत्पादन निम्म्यावर येतं आणि देशाला त्याचा पत्ताही लागत नाही. शेकडो प्लँट पसरलेले असले की एकावर ढग तर दुसऱ्यावर ऊन, बेरीज बऱ्यापैकी सपाट राहते. विखुरलेल्या छोट्या प्लँटची ही खरी ताकद. अख्खा मराठवाडा आठवडाभर झाकोळून टाकणारा पाऊस लागला तर मात्र ही बेरीजही खाली येते.

आणि मग उन्हाळा. हा या प्रकरणाचा गाभा आहे. मार्च ते मे ऊन सगळ्यात तगडं, पॅनल तापून थोडी वीज कमी झाली तरी वर्षातलं मोठं उत्पादन याच महिन्यांत. आणि नेमक्या याच महिन्यांत विहिरी तळाला जातात. मोटारीला आठ तास लाईट आहे पण विहीर तासाभरात उपसून जाते, मग मोटार बंद, परत पाझराची वाट. मोसंबीवाल्यांचं तर चक्रच वेगळं, आंबिया बहार धरणारा डिसेंबर-जानेवारीत झाडाला ताण देतो म्हणजे तेव्हा पाणी बंद, आणि फळ पोसायला त्याला उन्हाळ्यात पाणी पाहिजे, जेव्हा ते नसतं. म्हणजे पावसाळ्यात पाण्याची गरज नाही, उन्हाळ्यात पाणी नाही. शेतीचा भार आणि सोलर खऱ्या अर्थानं जुळतात ते फक्त ऑक्टोबर ते फेब्रुवारी. वर्षातले बाकी सात महिने "गावची वीज गावाला" ही गोष्ट अर्धीच खरी, उरलेली वीज वर जाते, आणि वर ती घेणारा कुणीतरी पाहिजे.

वर कोण आहे? मे महिन्याच्या दुपारी वाळूज-शेंद्र्याचे कारखाने, शहरातले एसी-कूलर, आणि अख्खा देश. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटला (अडीच लाख मेगावॅटला) टेकली ती दुपारीच, आणि सोलरनं ती पेलायला मोठी मदत केली. पण सुट्टीच्या दिवशी, अवकाळी पावसानं हवा थंड झाली की चित्र उलटं. मे २०२५ मध्ये एका रविवारी दुपारी वीज बाजारातला दर जवळजवळ शून्यावर आला होता, आणि संध्याकाळी टंचाई असली की हाच दर १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन भिडतो. आपण मात्र दुपारच्या युनिटला करारानं तीन रुपये देणार, कुणाला गरज असो नसो. रात्रपाळी बंद झाली याची किंमत म्हणून मला हे महाग वाटत नाही, पण हा खर्च दिसायला पाहिजे आणि तो कमी करायचा रस्ता शोधायला पाहिजे.

संध्याकाळचं गणित परळीपाशी येऊन थांबतं. परळीचे २५० मेगावॅटचे संच दुपारी सोलर भरपूर असताना कमी करायचे आणि सूर्य कलल्यावर परत चढवायचे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणं कोळशाचा संच ५५ टक्क्यांपर्यंत उतरवता आला पाहिजे, पुढं टप्प्याटप्प्यानं ४० पर्यंत, आणि ७० ते १०० टक्क्यांच्या पट्ट्यात मिनिटाला ३ टक्क्यांनी चढला-उतरला पाहिजे. म्हणजे २५० चा संच १३७ मेगावॅटवर धरून ठेवायचा, बंद करायचा नाही, कारण एकदा थंड पडला की परत तापवायला वेळ आणि तेल दोन्ही जातं. झटपट चढणारं साधन म्हणजे पाणी, कोयना. ५ एप्रिल २०२० ला रात्री ९ वाजता देशानं नऊ मिनिटं दिवे घालवले तेव्हा मागणी ३१ गिगावॅटनं कोसळली आणि परत वर आली, ती प्रामुख्यानं जलविद्युतनं सांभाळली. पण कोयनेचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादानं ठरवून दिलेलं, रोज संध्याकाळी हवं तेवढं सोडता येत नाही. आपल्या जायकवाडीच्या पायथ्याला १२ मेगावॅटचा उलटसुलट फिरू शकणारा संच १९८० च्या दशकापासून आहे, म्हणजे पाणी वर चढवून साठवायची कल्पना मराठवाड्याला नवी नाही. प्रमाण छोटं आहे इतकंच.

आणि परळीलाही पाणीच लागतं. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळी केंद्र बंद ठेवावं लागलं, त्याच दुष्काळाच्या पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. सोलरला पॅनल धुण्यापुरतं पाणी पुरतं. त्यामुळं आपल्या भागात सोलर वाढायलाच पाहिजे यात मला शंका नाही. फक्त दुष्काळी वर्षात काय होईल ते आत्ताच मांडून ठेवावं. विहिरी कोरड्या म्हणून शेतीचा भार गायब, दुपारी सोलरचा पूर, आणि संध्याकाळी सांभाळायला परळी नाही, अशी तिन्ही एकत्र येऊ शकतात.

मग या सबस्टेशनवर काय करता येईल? पहिलं शेततळं. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं ज्यांच्याकडं आहे ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात विहिरीला पाणी असताना दुपारभर मोटार चालवून तळं भरतात आणि मार्चनंतर ठिबकनं मोसंबी जगवतात. विजेच्या भाषेत हा साठाच आहे, काही महिन्यांचा, आणि कुठल्याही बॅटरीला एवढे दिवस जमणार नाही. पण यातली खोटही सांगायला पाहिजे, भूजल उपसून उघड्या तळ्यात ठेवलं की बाष्पीभवन आहे, आणि सगळ्यांनी तेच केलं तर शेजाऱ्याची विहीर डिसेंबरातच खाली जाते. कालव्याचं आवर्तन किंवा पावसाचं वाहून जाणारं पाणी तळ्यात घेणाऱ्याला हे शोभतं, बोअर ओतणाऱ्याला नाही. दिवसा आठ तास हमखास लाईट आणि बिल शून्य, या दोन्हीमुळं उपसा वाढायचा धोका खरा आहे आणि त्याच्यावर ग्रामपंचायतीतच बोलावं लागेल. प्लँटपोटी ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तीन वर्षं मिळतात, त्यातले काही पुनर्भरणाला लावावेत असं तिथल्या काही जणांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.

दुसरं बॅटरी, आणि ती सबस्टेशनच्याच आवारात. गावठाणाचा संध्याकाळचा भार साधारण १ मेगावॅट धरा, साडेसहा ते साडेदहा, म्हणजे ४ हजार युनिट. त्याला २ मेगावॅटची दोन तासांची बॅटरी पुरते. २०२५ मधल्या काही टेंडरमध्ये अशा बॅटरीचं भाडं मेगावॅटमागं महिना दोन-सव्वादोन लाखांच्या आसपास आलं होतं. रोज एकदा भरली-उतरवली तर महिन्याला मेगावॅटमागं ६० हजार युनिट, म्हणजे साठवणुकीचे युनिटला साडेतीन रुपये. त्यात भरायला सोलर तीन रुपयांचा, जाण्या-येण्यातला लॉस धरून साडेतीन. एकूण सात रुपयांच्या आसपास संध्याकाळचा युनिट, तोही दारात तयार, तीस किलोमीटरच्या लाईनचा लॉस नाही. टंचाईच्या संध्याकाळी १० रुपयांनी घेण्यापेक्षा हे स्वस्त, एरवी महाग. त्यामुळं नुसत्या दरावर ही बॅटरी आज पास होईल असं मी म्हणणार नाही. पण तिच्यासोबत स्वतः ठेका धरणारा इन्व्हर्टर आणि ३३ केव्हीपासून तोडायची व्यवस्था बसवली तर वादळात लाईन पडल्यावरही पाणीपुरवठ्याचा फीडर, दवाखाना आणि गावठाण चार तास चालू राहील, आणि लाईनमनला कुठला भाग जिवंत, कुठला मेलेला हे बोर्डावर दिसेल.

सध्या तिथं चाललंय ते असं. दोन फीडरची साडेआठ-दहाची पाळी कायम, इन्व्हर्टरचं व्होल्टेज सेटिंग पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात चालू, रब्बीत बंद. टॅप आपोआप बदलणारा रिले मागितलाय, तो अजून आलेला नाही. बॅटरीचा प्रस्ताव भार आणि दराच्या हिशोबासकट वर पाठवायचाय, त्यासाठी गावठाण फीडरची संध्याकाळची तासातासाची नोंद ऑपरेटरनं वेगळ्या वहीत सुरू केलीय, आणि मार्चपासून विहिरींची पातळीही त्याच वहीत लिहायची असं ठरलंय.